फक्त किल्ला

गाडी ग्वाल्हेर स्टेशनात शिरायच्या आधीच किल्ला दिसला, आणि मग दिसतच राहिला. इतका लांबलचक किल्ला मी पाहिला नव्हता. "हा खरा नसेल, नाटकाचा पडदा टांगला असेल," मी म्हणालो. माझा वर्गमित्र दिनू हसला. त्याच्या मते मी देवळातला प्रसादसुद्धा हुंगून खातो. म्हणू दे बापड्याला. ताकही फुंकून पिणाऱ्याचं तोंड निदान शाबूत राहतं.

आम्ही पुण्याहून चित्रकलेचे विद्यार्थी म्हणून आलो होतो. कल्पना आमच्या सरांची. परक्या शहरात जायचं, घरोघर एकच प्रश्न विचारायचा, 'तुमचं शहर म्हणजे काय?', आणि लोक सांगतील ते मोठ्या मांजरपाटावर रंगवून भर चौकात टांगायचं. ग्वाल्हेरात मराठी घरं पुष्कळ, आणि राज्यांची नवी मांडणी अगदी तोंडावर आलेली. संस्थान जाऊन मध्य भारत राज्य झालं होतं, आता तेही जाऊन मध्य प्रदेश होणार होता, राजधानी भोपाळ. "अशा वेळी माणसं मनापासून बोलतात," सर म्हणाले होते. सर स्वतः मात्र पुण्यातच राहिले, तिथंच मला शंका यायला हवी होती.

टांगेवाल्यानं आमची कापडाची गुंडाळी आणि दिनूच्या हातातली मोजपट्टी पाहिली. "मकान नापने आए हो, बाबूजी?" चित्रं काढायला आलोय, म्हटल्यावर तो "अच्छा" एवढंच म्हणाला आणि वाटभर वळून वळून मोजपट्टीकडे पाहत राहिला.

उतरलो ते शिंदे की छावनीत, इंदूताईंकडे. सरांच्या लांबच्या नात्यातल्या. त्यांचे यजमान भाऊसाहेब कचेरीत कारकून. मध्य भारताची राजधानी हिवाळ्यात इथं, उन्हाळ्यात इंदूरला, त्यामुळे भाऊसाहेबांची वळकटी दरवर्षी बांधायची आणि सोडायची. घर कचेरीचंच. लग्न होऊन इंदूताई याच घरात आल्या होत्या.

"तुम्ही लोक पुण्याहून फक्त चित्र काढायला आलात? सच्ची?" त्यांनी विचारलं.

"सच्ची," दिनू म्हणाला.

"बरं. नाश्ता करून घ्या न पहले." त्यांनी बेडई (डाळीचं पुरण भरलेली तिखट पुरी) आणि बटाट्याचा रस्सा पुढे केला. मी हुंगला. मग वाटी चाटूनपुसून साफ केली.

कामाला लागलो आणि पहिल्याच घरात उत्तर मिळालं, "किल्ला लिहून घ्या." शेजारी विचारलं, किल्ला. समोर, पलीकडे, गल्लीच्या टोकाला, किल्ला. एक आजोबा दार किलकिलं करून, आम्ही तोंड उघडायच्या आत "किल्ला" म्हणाले आणि कडी लावून मोकळे झाले. शहराच्या दुसऱ्या टोकाला, मुरारला गेलो. तिथं कुणी आम्हाला ओळखत नव्हतं, तरी किल्लाच. संध्याकाळी इंदूताईंना विचारलं. त्या ओट्याशी कणीक मळत होत्या. मागच्या खिडकीकडे त्यांची नजर गेली, लगेच परत आली. "किल्ला न. आणखी काय?"

"यांना कुणीतरी पढवून ठेवलंय," मी दिनूला म्हणालो. पहिल्यांदाच तो हसला नाही.

उलगडा सराफा बाजारात झाला. एका म्हाताऱ्या सराफानंही आम्हाला किल्लाच दिला, तेव्हा माझा धीर सुटला. "शेठजी, अख्ख्या शहरात दुसरं काहीच नाही का?"

त्यानं चष्म्यावरून आमच्याकडे नीट पाहिलं. "बहुत है भैया. पर पहले भी लोग पूछने आए थे, यहाँ क्या-क्या है. हमने सब बता दिया. फिर ट्रक आए, दफ़्तर उठा ले गए. क़िला लिखो. क़िला कोई भोपाल नहीं ले जा सकता."

मी शहरभर लोकांवर संशय घेत हिंडत होतो आणि शहर आमच्यावर. त्यांच्या संशयाला कारण तरी होतं.

रात्री जेवताना दिनूला सुचलं. सगळे किल्लाच म्हणतात ना? मग तो तुम्हाला कुठून दिसतो, एवढंच विचारू. दुसऱ्या दिवशी दारं उघडायला लागली. किल्ला दाखवायला हरकत कसली? एकीनं गच्चीवर नेलं, तिचा किल्ला वाळवणाच्या बाजेमागं होता. कडीवाल्या आजोबांचा किल्ला संडासाच्या पायरीवरूनच चांगला दिसे, आणि त्याचा त्यांना भारी अभिमान. मुरारच्या एका शिंप्याचा किल्ला निळसर, हातभर लांब. जो जिथून पाही, तिथलं सगळं आमच्या कापडावर येत गेलं, बाजा, पतंगाच्या दोऱ्या, कुणाची बकरी.

इंदूताईंचा किल्ला ओट्यामागच्या खिडकीतून दिसे. तटाचा तुकडा आणि एक बुरूज, बस. मी कागद घेऊन बसलो तशी त्यांनी गजांवर हात ठेवला.

"किल्ला काढ. खिडकी नको."

"खिडकीशिवाय कसा काढू?"

"काढ न, बाबा. खिडकी नको म्हटलं न."

मी नुसता बुरूज काढला. कापडावर तो एकटाच अधांतरी राहिला. सगळ्या चित्रातला तेवढाच भाग मला खोटा वाटत होता.

महाराज बाड्यावर, शहराच्या मुख्य चौकात, कापड टांगलं त्या दुपारी गर्दी उसळली. जो तो आपापला किल्ला शोधत होता, "अरे, ये तो हमारी छत!" म्हणून ओरडत होता. आजोबा चित्रातल्या आपल्या पायरीपाशी उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होते. उन्हं कलल्यावर इंदूताई आल्या. मागून भाऊसाहेब, मान खाली. काय झालं ते विचारावं लागलं नाही, भाऊसाहेबच म्हणाले, "हुकूम आला. भोपाळ. घर महिनाअखेर खाली करायचंय."

इंदूताई आपल्या बुरुजापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"रंग उरलाय न?"

"आहे."

"मग खिडकी काढून दे."

"तुम्हीच नको म्हणाला होतात."

"तेव्हा वाचवायची होती न."

मला रडू आलं, ते सरळ सांगतो. डिंकात काळा रंग कालवला आणि भर चौकात, लोकांसमोर, त्यांची खिडकी काढली. इंदूताई शेजारी उभ्या राहून सांगत होत्या. तिसरा गज वाकलेला. खाली हळदीचा डाग. कोपऱ्यात उपडं पातेलं. झाल्यावर त्यांनी ओल्या रंगाला बोट लावलं, पदराला पुसलं आणि भाऊसाहेबांना म्हणाल्या, "चला, स्वयंपाक व्हायचाय."

परतीच्या गाडीतून किल्ला दिसेनासा होईपर्यंत मी दारात उभा होतो. आमच्याकडेही तेव्हा कोणतं गाव कुणाच्या वाट्याला जाणार, याचेच वाद चालले होते. घरी पोचलो तर आई चुलीपाशी होती. तिच्यासमोर बसलो. तिच्या डोक्यावरच्या खिडकीतून पर्वतीचा तुकडा दिसत होता. जन्मभर त्या घरात राहून मी तो कधी पाहिला नव्हता.

शेजारचे काका दारातूनच म्हणाले, "काय रे, काय पाहिलंस एवढं?"

मी उठलो आणि पाठीनं खिडकी झाकून उभा राहिलो.

"किल्ला," मी म्हणालो.