दामूचा पांढरा पट्टा

दामू गेल्याची बातमी आली तेव्हा मी न्हाव्यापुढे अर्धी दाढी करून बसलो होतो आणि ताम्हिणीच्या घाटात वाघाला जोड्याने हाणल्याची गोष्ट अगदी रंगात आली होती. आमच्या रविवारच्या भटक्या मंडळीतले गोपाळराव दारात आले आणि म्हणाले, "दामू सकाळी गेला. तिसऱ्या दिवशी ताप डोक्यात चढला." तो वाघ तिथेच घाटात उभा राहिला... महिना झाला, मी त्याला हलवलेलं नाही.

दामू म्हणजे शाळेतला चित्रकलेचा मास्तर. अंगाने इतका हलका, की माळावर वारा सुटला की आम्ही त्याला मधे घेऊन चालत असू. थंडी पडली की आम्ही पाच जण पौडावरून मुळशीच्या खोऱ्यात पायी जायचो. चौघे शिदोरी संपवायला आणि दामू पाखरं बघायला. गळ्यात दुर्बीण, खिशात वही. आम्ही बोलायला लागलो की हा वहीत खरडायचा. दिवसच तसे होते. खोऱ्यात धरणाचं काम चाललेलं, सत्याग्रह होऊन गेलेला, गावात शिरलं की दारं आतून लागायची. मला तर खात्रीच होती, की दामू सरकारचा माणूस आहे आणि माझी एकेक थाप कलेक्टरच्या टेबलावर जाऊन पडते. एकदा तो ओढ्यावर तोंड धुवायला गेलेला पाहून मी वही उघडली. आत लिहिलं होतं : 'खंड्या दोन. दयाळ एक. बापू सारखा बोलतो, बाकीची उडून गेली.' बापू म्हणजे मी. संशय फिटला, राग अजून आहे.

त्याची एक रीत होती. ज्या जागेवरून पाखरं मोजली, तिथल्या दगडावर तो चुन्याचा एक पट्टा ओढायचा, म्हणजे पुढल्या साली नेमकं तिथेच उभं राहून मोजता येईल. त्यासाठी चुन्याचा डबा आणि कुंचला पुण्याहून यायचा. एका वाडीच्या वरच्या अंगाला, भागाबाई नावाच्या विधवेच्या घरामागच्या धोंड्यावर असाच एक पट्टा त्याने ओढला. समोरच्या दरडीवर गिधाडांची घरटी होती.

पुढल्या थंडीत आम्ही तिथे पोचलो, तर घर नाही. नुसतं जोतं. वासे, कौलं, दाराची चौकट, सगळं उतरवून वर रानात नेलेलं, आणि तिथे फांद्यांच्या खोपटात भागाबाई आणि तिचा म्हातारा सासरा राहत होते. आम्हाला पाहून माणसं गोळा झाली, आणि कुणाच्याही हातात हार नव्हता. बोलण्यातून कळलं ते असं : पाणी कुठवर चढणार त्याच्या खुणा धरणवाल्यांनी खाली धोंड्याधोंड्यावर चुन्याने केल्या होत्या. बाईचं घर त्या खुणांच्या वर, म्हणून ती निर्धास्त होती. मग एके दिवशी घराच्याही वर नवा पट्टा दिसला. त्यांचे पट्टे वाकडेतिकडे, आणि हा इतका सरळ, की तोच खरा सरकारी वाटला. बाईने आपल्या हाताने घर उतरवलं.

मी दामूचा सदरा मागून ओढला. म्हटलं, मुकाट्याने चल, मी यांना काहीतरी सांगून वाटेला लावतो. तोंडात गोष्ट तयारही होती. दामूने सदरा सोडवून घेतला.

"बाई, ती खूण पाण्याची नाही. माझी आहे. मी इथून पाखरं मोजतो."

भागाबाईने त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. "पाखरं मोजाया कोन पुण्यासनं येतंय व्हय? धरणवाल्यांनी धाडलंय तुमाला. पुन्यांदा घर बांदायला लावायचं आन् बुडवायचं."

तिने एकदम विचारलं, "सांगा मंग, दरडीला घरटी किती?"

"गेल्या साली नऊ. आज सात. डाव्या हाताची दोन रिकामी दिसतायत."

"सुरुंग उडाया लागले तवापास्नं ती दोन गेली," ती सावकाश म्हणाली. नंतर म्हणाली, "मंग पानी हितवर येनार न्हाई म्हनता?"

त्याच्या जागी मी असतो तर छाती ठोकून 'नाही' म्हटलं असतं. दामू म्हणाला, "ते मला ठाऊक नाही. ठाऊक एवढंच, की हा पट्टा माझा आहे. घर मी उभं करून देतो."

नाताळच्या सुट्टीत आम्ही पाचही जण तिथे राबलो. मी एकट्याने बारा वासे उचलले... बरं, दोन. दामूने जोत्याच्या कोपऱ्यावर लांब ओटा काढला. भागाबाई दर कौलागणिक त्याच्या तोंडाकडे संशयाने बघायची. पावसाळ्यात मात्र बघायची पाळी त्याच्यावर आली. पुण्यात सर पडली तरी तो वर्गाच्या खिडकीशी जायचा. दोनदा चिखल तुडवत एकटा जाऊन आला. खोरं भरलं; पाणी तिच्या उंबऱ्याखाली तीन खाचरांवर येऊन थांबलं. हे कळल्यावर दामू माझ्या घरी आला, भाकरी जेवला आणि बसल्या जागी झोपला.

तो गेल्यावर परवा आम्ही चौघे तिकडे गेलो. सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी सरळ सांगितलं, मीठमसाला न लावता.

भागाबाई हसली. "बापूराव, लई थापा ऐकल्या तुमच्या. ही नगा मारू."

गोपाळरावांनी मान खाली घातली. तिने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, बराच वेळ... आणि आत गेली. मी ओट्याच्या टोकाला टेकलो. ती ताकाचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि दारातच थांबली.

"तितं नगा बसू," ती म्हणाली. "तितनं मास्तरला दरड दिसती."

मी उठलो. आम्ही चौघे पलीकडच्या अंगाला दाटीवाटीने बसून ताक प्यालो. ओट्याचं ते टोक तिने सकाळीच सारवलेलं होतं.