चिऱ्यांचं गाणं कोणाचं

त्यानं शाईचा पॅड माझ्यापुढं सरकवला. म्हणाला, "आजोबा, अंगठा चालेल."

रत्नागिरीतलं गाण्यांच्या कंपनीचं ऑफिस. कंपनीवाला खुर्चीत. आमच्या नाचमंडळाचा अध्यक्ष खुर्चीत. मला बसा म्हणायचं कोणाला सुचलं नाही. कागद अध्यक्षानं वाचून दाखवला. हे गाणं पारंपरिक आहे, कोणा एकाचं नाही, माझा त्यावर हक्क नाही.

गाणं माझं आहे.

माझी आई चिरेखाणीवर डोक्यावरून चिरे वाहायची. जांभा दगड तो, भिजला की आणखी जड. ती गेली त्या वर्षी मी ते जाखडीच्या नाचासाठी रचलं. "चिऱ्याखाली मान मोडली, घर उभं राहिलं दुसऱ्याचं." माझी शाळा दुसरीपर्यंत. वही नाही. गाणं डोक्यात रचतो, डोक्यातच ठेवतो.

आमच्यात शेवटच्या कडव्यात गुरूचं नाव येतं, मग रचणाऱ्याचं. कंपनीचा माणूस गाणं रेकॉर्ड करायला आमच्या पडवीत मोबाईल धरून बसला, तेव्हा ते कडवं मी म्हटलं नाही. पायात चाळ बांधून, फेरात उभं राहून घ्यायचं ते नाव. खुर्चीत बसून, चहा पिता पिता स्वतःचं नाव कसं घ्यायचं? लाज वाटली. ती चूक माझी.

त्यांनी गाणं इंटरनेटवर टाकलं. रेशमी साडीतली बाई समुद्रावर हसत हसत गाते. माझ्या आईची मान मोडते आणि ती हसते. खाली लिहिलेलं, कोकणचं पारंपरिक गीत. पुढं गणपतीत आमचा नाच सुनेनं मंडळाच्या चॅनेलवर टाकला, तर तो उडवला गेला. कंपनीची तक्रार होती, गाणं चोरीचं. पोरं हसली. "काय ओ बुवा, या वयात चोरी?" मस्करीच ती. पण चोर मी ठरलो.

म्हणून त्या ऑफिसात गेलो होतो.

अध्यक्ष म्हणाला, "बुवा, टाका करून, तक्रार मागं घेतील. नायतर चॅनेल बंद पडंल."

"सही येते मला," मी म्हटलं. "पण करनार नाय."

कंपनीवाला हसला. "आजोबा, लोकगीताला बाप नसतो."

"बाप नसंल. आई हाय. ती माजी हाय."

पॅड त्याच्याकडं ढकलला आणि बाहेर पडलो.

घरी सुनेनं मोबाईलवर कायदा वाचला. "मामा, ज्यानं रचलं त्याचा हक्क रचल्यापासूनच. नोंदणी लागतच नाय."

मी तिला ते पुन्हा वाचायला लावलं. कसणारा एक आणि सातबाऱ्यावर दुसरा, हे लहानपणापासून बघितलं. कागद नाही म्हणजे आपलं काही नाही. गाण्याचंही तसंच असणार, असं मीच धरून चाललो होतो. त्यांनी लुटायच्या आधीच मी हात वर केले होते.

कंपनीच्या तक्रारीवर हरकत पाठवायची तर नाव-पत्ता द्यायचा. खोटं ठरलं तर कोर्ट. अध्यक्ष दारात येऊन सांगून गेला, "कोर्टाचं झालं तर मंडळ तुमच्यामागं नाय, बुवा."

सुनेला म्हटलं, "माजं एकट्याचं नाव घाल." तिनं सगळं भरलं. बटण मी दाबलं.

अजून उत्तर नाही. त्यांचा वकील येईल तर येवो, मी उभ्यानं बोलेन. माझं वय बघून थांबले असतील, तर तेही ऐकून ठेवा. मी मेल्यावरही साठ वर्षं हे गाणं माझ्या माणसांचं. सुनेनं वाचलंय, कायदाच आहे. माझ्या मरणाची वाट बघूनही त्यांचं भागणार नाही.