राही डॉट इन

खर्डीहून वर चढून गेलं की करंजपाडा लागतो. तिथल्या राही आगिवलेचे नाचणीचे पापड आधी पाड्यात, मग खर्डीच्या बाजारात आणि हळूहळू डोंबिवली-ठाण्यापर्यंत जाऊ लागले. पाड्यातल्या बायका तिच्या ओटीवर लाटायला बसत. गटाला नाव द्यायची वेळ आली तेव्हा सगळ्यांनी राहीचंच नाव धरलं. आजीने ते विठोबाच्या राहीवरून ठेवलेलं. शहापुरात कॉम्प्युटरचं दुकान चालवणाऱ्या हरेशने त्याच नावाची वेबसाइट करून दिली, ‘राही डॉट इन’. राहीने मोबाइलवर स्वतःचा फोटो पाहिला, लाजली आणि पुन्हा लाटायला बसली.

थंडी सरताना डोंबिवलीच्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला. तुमच्या साइटवर पापड दिसत नाहीत, सहलींच्या जाहिराती दिसतात, धंदा बदललात का, असं त्या बाईंनी विचारलं. राहीने साइट उघडून पाहिली. बर्फाचे डोंगर, विमान, हसणारं जोडपं, आणि वर मोठ्या अक्षरांत ‘राही’. नाव तिचं आणि बाकी काहीच तिचं नाही.

दुसऱ्या दिवशी ती शहापूरला हरेशच्या दुकानात गेली. त्याने कधीचा न उघडलेला जुना मेल उघडला. वाचता वाचता त्याचा चेहरा उतरला. परराज्यातल्या एका प्रवासी कंपनीचं नावही राही होतं आणि तिने या नावावर हक्क सांगितला होता. वेबसाइटचं नाव घेताना हरेशने स्वतःचीच माहिती भरलेली, म्हणून तक्रारीचे मेल त्यालाच येत राहिले. उत्तर कुणी दिलं नाही. निकाल लागून नाव कंपनीकडे गेलं होतं.

“केस झाली आन् मला बोलावलं पन नाय?” राहीने विचारलं.

“मावशी, केस तुमच्यावर नव्हती. माझ्यावर होती.”

“मंग नाव तुजं होतं का?”

हरेश तो मेल पुन्हा वरपासून वाचू लागला.

ती तशीच उठून कोर्टात गेली. राहीची केस कुठल्या साहेबापुढे चालली, असं तिने दाराशी विचारलं. तिथे तशी केस कुणाला ठाऊक नव्हती. तेवढ्यात वैष्णवी दिसली. ती पाड्याखालच्या गावची मुलगी, तिथेच वकिली करायची. हरेशही मागोमाग आला होता. त्याच्या मोबाइलवर वैष्णवीने निकाल वाचला. आपण जमिनीच्या आणि वाटणीच्या केसेस चालवतो, असलं प्रकरण पहिल्यांदाच बघतोय, हे तिने आधीच सांगून टाकलं.

मग तिने समजावलं. हे कोर्ट नव्हे, यात दिल्लीत एक लवाद नेमतात आणि तो दोन्हीकडचे कागद पाहून ठरवतो. नाव कंपनीच्या नावासारखं आहे का, घेणाऱ्याचा त्यावर काही हक्क होता का, आणि त्याचा हेतू वाईट होता का, एवढं तो बघतो. हरेशने नाव घेतल्यावर वेबसाइट तयार होईपर्यंत त्या पत्त्यावरचं पान बरेच महिने रिकामं होतं. त्यावर सहलींच्या आणि हॉटेलांच्या जाहिराती आपोआप येत होत्या. कंपनीने तक्रारीला त्याचाच फोटो जोडला. हरेश आपली गिऱ्हाइकं पळवतोय, हे कंपनीचं म्हणणं लवादाने मानलं.

“जाहिराती मी नाय लावल्या, यानं नाय लावल्या. मंग कुनी लावल्या?”

“ज्यांच्याकडून नाव घेतलं, त्यांच्या मशीनने.”

“आन् हेतू कुनाचा वाईट?”

“हरेशचा.”

राहीने हरेशकडे पाहिलं. हेल्मेट हातात धरून तो खाली मान घालून उभा होता. तिला रागही येईना आणि कीवही धड येईना.

निकालाविरुद्ध दिल्लीच्या कोर्टात जाता येईल, असं वैष्णवी म्हणाली. जे हरवलं ते काय होतं हेच आपल्याला सांगता येत नाही, तर ते मागायचं कसं, असं राहीला वाटलं. तिने नको म्हटलं.

“मी अजून राहीच ना गो? पाकिटावर लिवलं तर चालंल?”

“चालेल, मावशी. ते सहली विकतात, तुम्ही पापड. नाव तुमचंच आहे. इंटरनेटवरचा पत्ता तेवढा त्यांचा झाला.”

पाकिटावर आपलं आणि मोबाइलमध्ये दुसऱ्याचं, हे राहीच्या डोक्यात काही केल्या बसेना. ओटीवर बायकांना तिने ते दोन-तीनदा सांगितलं आणि दर वेळी वेगळंच सांगितलं. बायका हरेशवर चिडल्या, तेव्हा मात्र तिने त्यांना गप्प केलं. नव्या पत्त्यासाठी कुणी देवीचं नाव सुचवलं, कुणी नाचणीचं. हे आधीच कुणाचं नसेल ना, असं राही प्रत्येक वेळी विचारी. शेवटी करंजपाडाच ठरलं.

हरेश स्वतः पाड्यावर आला. या वेळी त्याने राहीचं पूर्ण नाव आणि तिचाच नंबर भरला. हे नाव दर वर्षी पैसे भरून पुन्हा घ्यावं लागेल, असं तो म्हणाला.

“आपल्याच पाड्याचं नाव, दर वर्षाला?”

“हो, मावशी.”

तिने मान डोलावली.

पापड पुन्हा जाऊ लागले. जुनी गिऱ्हाइकं अजून कधीकधी सहलींच्या पानावर जाऊन पोचतात आणि मग फोन करतात. राही त्यांना नवा पत्ता सांगते. कुणी कारण विचारलंच, तर ते मलाबी अजून नीट कळलं नाय, असं म्हणते आणि किती पाकिटं हवीत ते विचारते.