फुकटचा ड्रमसेट

माझ्या सासरच्या माणसांनी मला एक ड्रमसेट फुकट दिला, त्याला दोन वर्षं झाली. मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

भंगाराच्या हातगाडीपासून सुरुवात करून आज जळोचीत माझं जुन्या ड्रमसेटचं स्वतःचं गोडाऊन आहे. बंद पडलेल्या बँड पार्ट्यांकडून घ्यायचे आणि पुण्या-मुंबईच्या हौशी लोकांना विकायचे. या धंद्यात मूळ रंग, मूळ कातडं आणि मूळ नटबोल्ट यांनाच भाव. जेवढं जुनं तेवढं महाग. (हे विकताना सांगायचं. घेताना नाही!)

घेतानाची माझी पद्धत ठरलेली. मालाला नावं ठेवायची, चिडायचं, चहा न घेता उठायचं आणि आठ दिवस फोन उचलायचा नाही. नवव्या दिवशी समोरचा निम्म्या किमतीवर येतो. चिडण्याचं मला नाटक करावं लागत नाही, ती देवाची देणगी आहे.

इंदापूरला बायकोचे दत्तूमामा राहतात. एके काळी त्यांची बँड पार्टी होती. डीजे आले आणि मामांचा ड्रमसेट माळ्यावर गेला. तो मी पाहिला आणि तिथंच ठरवलं, हा घ्यायचाच! विलायती माल, मोतिया रंग, कातडंसुद्धा मूळचं. याच कंपनीचा निळा सेट मी घरात जपून ठेवला होता. तो मी कुणालाही विकत नव्हतो. जोडी जमली तर माझ्यासारखा मीच!

मी तोंड वाकडं करून सुरुवात केली.

"मामा, रंग पार पिवळा पडलाय की."

"व्हय का?" मामा ओशाळले.

"कातडं म्हातारं झालंय. आन् ह्यो गंज बघा!"

"आरं देवा."

"फुकट दिला तरी न्यायचो न्हाय मी असला माल!"

मी ताडकन उठलो. मामी चहा घेऊन आल्या होत्या. कपाकडे न बघता मी गाडीला किक मारली.

एक बारीकशी गोष्ट मात्र माझ्या डोक्यातून निसटली. परक्याच्या घरातून असं उठलं तर लोक म्हणतात, गिऱ्हाईक गेलं. सासरच्या घरातून उठलं तर म्हणतात, जावई रुसला!

आठ दिवसांत इंदापूरहून एकोणीस फोन आले. मी एकही उचलला नाही. मनात म्हटलं, भाव उतरतोय!

नवव्या दिवशी दारात टेम्पो थांबला. त्यातून मामा, मामी आणि मामांचा मुलगा, म्हणजे माझा मेहुणा, असे उतरले. मागे झेंडूचा हार घातलेला ड्रमसेट. ट्रॅक्टरच्या लालभडक ऑइल पेंटनं रंगवलेला!

"जावईबापू," मामांचे डोळे भरून आले होते, "तुमी काढल्याला एकबी दोष ठिवला न्हाय. रंगाचं तीन हात मारल्यात. गंज पॉलिश पेपरनं घासून काढला."

"आन् कातडं?" मी घाईनं विचारलं.

"टाकलं की उकिरड्यावर!" मेहुणा म्हणाला. "प्लॅस्टिकचं बसवलंय. आन् दाजी, हितं बघा."

मोठ्या ड्रमवर पिवळ्या अक्षरांत माझं नाव होतं. त्याखाली 'सप्रेम भेट'. दोन्ही बाजूंना एकेक मोर. (डावा मोर कोंबडीसारखा दिसत होता.)

"पैशाचं नाव काढू नका," मामी म्हणाल्या. "फक्त रुसवा सोडा आन् च्या घ्या."

मी चहा घेतला. दुसरं काय घेणार होतो?

इकडे बायको माहेरच्या प्रेमानं विरघळली होती. "मामांनी माळा रिकामा केला तुमच्यापायी," ती म्हणाली, "आन् त्यांना मोकळ्या हातानं धाडायचं? त्यो निळा सेट द्या त्यांना."

माझा निळा सेट! पण मी धंदेवाला माणूस! लगेच नेहमीचं हत्यार काढलं.

"त्यो? छे छे! मामा, त्याचा रंग उडालाय. कातडं फाटाय आलंय. गंज तर विचारू नका!"

"असू द्या की," मामा प्रेमानं म्हणाले. "लाल रंगाचा निम्मा डबा शिल्लक हाय. घरी गेलो की मारतो."

"हात लावू नका!" मी असा ओरडलो की शेजारची म्हैस दावं तोडायला निघाली. "मामा, असला रंग आता जगात व्हत न्हाय! ह्ये कातडं बघा, ह्यो एकेक नट बघा. सोनं हाय सोनं! पुसायचंसुद्धा न्हाय त्याला!"

मामांनी खांद्यावरच्या टॉवेलनं डोळे टिपले.

"जावईबापू, एवढी जिवापाड जपल्याली वस्तू तुमी मला देताय?" त्यांनी मला कडकडून मिठी मारली. ती सुटेपर्यंत मेहुण्यानं निम्मा सेट टेम्पोत चढवला होता.

आयुष्यभर मी मालाला नावं ठेवून धंदा केला. तोंड भरून तारीफ एकदाच केली, आणि तोच माल फुकट गेला. वर मोठा ड्रम जड होता म्हणून टेम्पोत चढवायला हातही मीच लावला!