रिकाम्या घागरीची चाल

त्या दिवशी मी अन् बायकोनं मिळून पाण्याची घागर मांडणीवर चढवली. "नीट धरा," ती म्हणाली. ते शेवटचं. दिवेलागणीच्या आत ती गेली. मयताच्या घरात भरलं पाणी ठेवत न्हाईत, म्हणून बायांनी ती घागर अंगणात ओतली. ओल्या मातीचा वास आला, अन् रिकामी घागर बघून मला नाटकाची जुनी तालीम आठवली.

लातूर जिल्हा नवा झाला होता. त्याच्या कार्यक्रमात आमचं नाटक होतं. गावातल्या नटांना रंगमंचावर उठाय-बसाय, चालाय मी शिकवायचो. दुष्काळ लई, म्हणून तालमीत घागर रिकामीच. बाईचं काम करणारा सोपान ती डोक्यावर घेऊन चालायचा, पण भरलेली वाटायची न्हाई. मी नुसता ओरडत होतो.

भाकरी घेऊन आलेली बायको हसली. "अहो मास्तर, भरल्या घागरीखालची बाई मान वळवती व्हय? अख्खी वळती." तिनं चालून दाखवलं. रिकाम्या घागरीत पाणी हाय असंच वाटलं.

"तू घरी जा," मी म्हणालो. मग तेच सोपानला माझं म्हणून शिकवलं. नाटकात टाळ्या पडल्या. तिचं खरं होतं, हे तिला कधी बोललो न्हाई.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी रिकामी घागर डोक्यावर घेऊन नळावर निघालो. मागून कुणीतरी हाक मारली, "मास्तर!"

मी मान वळवली न्हाई. अख्खा वळलो.