रिकामा डबा

फुलंब्रीहून सकाळच्या बसला ती माझ्या शेजारी बसायची. अकरावीतली पोरगी, मोबाइलवर सतत वजन घटवायचे व्हिडिओ. हर्सूल आलं की डबा उघडून माझ्यापुढं धरायची. बोटाला लागलेलं पिठलंसुद्धा ओढणीला पुसायची.

"काकू, खा ना तुम्ही. भरला डबा घरी नेला की मम्मी लई रडती."

घरी मी एकटीच. दुसऱ्याच्या हातची मऊ भाकरी कित्येक वर्षांनी मिळत होती, म्हणून मी कधी नाही म्हटलं नाही. तिचं घड्याळ मनगटावरून कोपराकडं घसरायला लागलं, तेही मी भाकरी मोडतानाच पाहिलं.

दोन आठवडे झाले, ती बसमध्ये दिसली नाही. दवाखान्यात ठेवलंय, असं कंडक्टर म्हणाला. तिची आई डॉक्टरांना सांगत असेल, डबा तर रोज रिकामा यायचा.