दिनकरनं न पाठवलेला अर्ज

‘गुरुजी, सचिवसाहेब गेले,’ दूध संस्थेचा शिपाई म्हणाला तेव्हा मी शाळेत परिपाठ घेत होतो. ‘कुठं गेले? मीटिंग तर परवा हाय,’ मी म्हणालो. त्यानं डोक्यावरची टोपी काढली... तरी माझ्या ध्यानात येईना. सकाळच्या दुधाचं फॅट काढता काढता दिनकर टेबलावरच वाकला, म्हणे. एक्केचाळिसाव्या वर्षी माणूस असा जातो का? महिना झाला, पण मी अजून लोकांना ‘दिनकर म्हणतो’ असंच सांगतो आणि मग ‘म्हणायचा’ अशी दुरुस्ती करतो.

आम्ही उस्मानाबादच्या वसतिगृहात एका खोलीत राहिलो. तो तामलवाडीचा, मी माकणीचा. मी शिकून लोहाऱ्याला मास्तर झालो आणि हा पठ्ठ्या पुण्याला जाऊन मानवशास्त्रात एम.ए. झाला. ‘म्हणजे लोकांची डोकी मोजायची का रे?’ मी विचारलं होतं. ‘न्हाय रे, ऐकायचं. लोक बोलत्यात ते नीट ऐकायचं.’ त्याला पीएच.डी. करायची होती, आणि विषय होता बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायका. शिष्यवृत्तीसाठी संशोधनाचा प्रस्ताव पाठवायचा होता. त्याच्या मार्गदर्शकांनी त्यात एक जादा प्रकरण मागितलं होतं... ज्यांचं बोलणं तू लिहिणार, त्यांना काय सांगून लिहिणार? त्यांना त्रास होऊ नये म्हणून काय करणार? त्या काळी असलं कुणी विचारत नसे. मला तर ते वेळखाऊपणाचंच वाटलं, आणि मी तसं बोलूनही दाखवलं.

दिनकरनं मात्र ते मनावर घेतलं. सायक्लोस्टाइल केलेली संमतीपत्रं आणि शाईचा पॅड घेऊन तो माकणीत आला आणि घोळ झाला. धरणासाठी जमिनींची मोजणी चालली होती. ‘संमतीपत्र’ म्हणजे जमीन दिल्याची कबुली, एवढंच गावाला ठाऊक. पॅड बघताच आमच्या शेजारच्या गयामावशीनं दोन्ही हात पदरात लपवले आणि घडीभरात सगळ्या गल्लीनं कड्या लावून घेतल्या. शिकून शिकून पुण्याहून एवढीच अक्कल आणलीस का, म्हणून मी त्याची यथेच्छ खेचली. माझ्या मायनंच त्याला सोडवलं. ‘कागुद खिशात ठिव लेकरा. तोंडानं इचार, आमी तोंडानं सांगू,’ ती म्हणाली. त्यानं सगळं प्रकरण नव्यानं लिहिलं. अंगठा घेणार नाही, लिहिलेलं ज्याचं त्याला वाचून दाखवीन, नको म्हटलं तर काढून टाकीन. माझं अक्षर बरं म्हणून पक्की प्रत मीच केली. माय दोन दुपारी त्याच्यापाशी बोलली. तिचं बघून बाकीच्या बायकाही बोलायला तयार झाल्या. मी तेव्हा लोहाऱ्याला शाळेत, म्हणून ते ऐकलं नाही. ‘मायची पानं मी सोता जोडतो,’ तो म्हणाला, आणि मी मान डोलावली.

मुदत गेली, पण अर्ज गेला नाही. ‘जमलं न्हाय,’ एवढंच त्याचं उत्तर. मी संतापलो. वाट्टेल ते बोललो. आपल्या माणसांतून एक डॉक्टर होणार म्हणून मी सगळ्या लोहाऱ्यात सांगत सुटलो होतो ना! पुढं दिनकर लोहाऱ्याच्याच सहकारी दूध संस्थेत सचिव झाला, आणि मी दहा वर्षं त्याला सोडलं नाही. ‘काय डॉक्टर, आज म्हशीचा प्रबंध किती फॅटचा?’ चारचौघांत विचारायचो. तो हसायचा. माझ्यापेक्षा मोठ्यानं हसायचा. मधे माझी माय वारली, तेव्हा तो माझ्याहून जास्त रडला. मला ते जरा अतीच वाटलं होतं.

परवा शालनवहिनींनी, त्याच्या बायकोनं, मला घरी बोलावून एक फाइल हातात दिली. वर माझ्याच अक्षरातला प्रस्ताव. मायची पानं नव्हती.

‘तुमच्या मायला त्यांनी सगळं वाचून दाखिवलं,’ वहिनी म्हणाल्या. ‘तवा त्या म्हनल्या, ह्ये माझ्या लेकाच्या हाती पडंल का रं? हे म्हनले, छापल्यावर कुनीबी वाचंल. मग त्या म्हनल्या, काढ. तुमच्या मायनं काढाया लावलं म्हनताना बाकीच्या बायाबी नको म्हनल्या. काय ऱ्हायलं मग पाठवायला?’

मला पाठीशी भिंत लागली तेव्हा कळलं, मी मागं सरकत गेलो होतो. ‘काय सांगितलं होतं मायनं?’

‘मला तरी कुठं सांगितलं? माझ्या म्होरंच चुलीत घातले कागुद.’

मी तसाच एसटीनं माकणी गाठली. गयामावशी आता थकली आहे, पण खडीवर मायच्या शेजारी ती असायची. दिनकर गेल्याचं तिला कळलं होतं. मी तिच्यासमोर बसलो आणि सरळ विचारलं... दुष्काळात काय झालं होतं? माय माझ्यापासून काय लपवत होती?

तिनं दोन्ही हात पदरात लपवले.

‘त्या पोरानं मरूस्तवर तोंड उघडलं न्हाय,’ ती म्हणाली, ‘आन म्या आता उघडू व्हय?’

तिनं सुनेला माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितला.